तांडा, बंडी आणि ट्रक : करडी परिसरांतील मालवाहतुकीसंबंधीं कांहीं विचार

मोहाडी तालुक्यांतील करडी हें गांव भाताच्या मुलुखांत आहे. एका बाजूस वैनगंगा, दुसऱ्या बाजूस कोक्याचें जंगल, आणि मध्यें बांधांनीं रेखलेलीं शेतें. गेल्या मार्गशीर्षांत धानाची मळणी चालू असतां आमचा एक जुना विद्यार्थी आमचेकडे आला. वर्गांत तो फारसा चमकला नव्हता. विभक्ति त्यास कधींच वश झाल्या नाहींत. पुढें चार वर्षें त्यानें एका ट्रकावर क्लीनर म्हणून काढलीं, आणि आतां जड वाहनाचा परवाना त्याच्या हातीं आला होता. त्यानें विचारिलें, "गुरुजी, दोन ठिकाणांहून बोलावणें आहे. राईस मिलच्या गाडीवर राहूं कीं लाईनवर जाऊं?"

'लाईन' म्हणजे लांबचा पल्ला. महिनामहिना घर न दिसणारी वाट. आम्हीं सवयीप्रमाणें त्याची भाषा सुधारूं गेलों, व 'दूरवाहतूक' असा शब्द सुचविला. तो हंसून म्हणाला, "गुरुजी, दूरवाहतूक म्हटलें तर ढाब्यावर कोणाला समजणार नाहीं." आम्ही निरुत्तर झालों, आणि महाभाष्यांतील प्रसिद्ध संवाद आठवला. एका वैयाकरणानें रथाच्या सारथ्यास 'ह्या रथाचा प्रवेता कोण' असें पुसलें. सारथ्यानें स्वतःस 'प्राजिता' म्हटलें. वैयाकरणानें तो अपशब्द ठरविला. तेव्हां सारथ्यानें उलट ऐकविलें कीं, आपणांस सूत्राची प्राप्ति कळते, पण इष्ट काय तें कळत नाहीं. पतंजलीनें तेथें पक्ष सारथ्याचा राखला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीं गाडी हांकणाऱ्यानें पंडितास गप्प केलें, तर करडीच्या मास्तरानें वाईट वाटून घेण्याचें कारण नाहीं.

त्याच्या प्रश्नास आम्हीं त्या दिवशीं उत्तर दिलें नाहीं. परंतु प्रश्न मनांत राहिला, आणि त्याचा माग काढतां काढतां जें दिसलें तें येथें मांडीत आहों. जवळ राहावें कीं दूर जावें, हा विकल्प आजच्या तरुणांस मोटारीबरोबर आलेला वाटतो. वस्तुतः तो रस्त्याइतकाच जुना आहे. मात्र पूर्वीं हा एका माणसापुढील विकल्प नव्हता. दूरची वाहतूक करणारा समाज निराळा, जवळची करणारा निराळा. आणि दोघांच्या संसाराची घडीहि निराळी होती. ही घडी मोडली कशी, हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

दूरच्या वाहतुकीचे धनी म्हणजे लमाण अथवा बंजारे. 'लमाण' हा शब्द लवणापासून व 'बंजारा' अथवा 'वंजारी' हा वाणिज्यापासून आला, अशी व्युत्पत्ति बहुधा सांगण्यांत येते. शब्दशास्त्राच्या दृष्टीनें ती निःशंक नसली तरी धंद्याच्या दृष्टीनें अगदीं यथार्थ आहे. समुद्रकांठचें मीठ आंत न्यावें आणि आंतलें धान्य बाहेर आणावें, हा त्यांचा व्यवहार. आजच्या ट्रकवाल्यास जी सर्वांत मोठी चिंता, म्हणजे परतीचें भाडें, ती लमाणांनीं ह्या एका जोडीनेंच मिटविली होती. रिकाम्या पाठीचा बैल ही लमाणी धंद्यांतील बुडीत बाब होय. रिकामा ट्रकहि तसाच.

ह्या तांड्यांचा आकार आज कल्पनेंत मावत नाहीं. इंग्रज प्रवासी पीटर मंडी यास सन १६३२ सालीं वाटेंत एक तांडा भेटला, त्यांत चौदा हजार बैल होते, सर्व गहूं, तांदूळ वगैरे धान्यानें लादलेले. दिवसाची मजल सहा-सात मैलांहून अधिक नसे, असें तो नमूद करतो. त्याच शतकांतील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये यानें तर ह्या लोकांचे चार वर्ग सांगितले आहेत : एक धान्य वाहणारा, एक तांदूळ, एक डाळी आणि एक मीठ. दहा-बारा हजार बैलांचा तांडा समोरून आला म्हणजे गाड्यांतून जाणाऱ्यांस वाट मोकळी होईपर्यंत दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबावें लागे, असेंहि त्यानें लिहून ठेविलें आहे. आजच्या महामार्गावरील खोळंब्यास नांवें ठेवणाऱ्यांनीं हें वाचावें.

रसेल व हिरालाल यांच्या सन १९१६ च्या ग्रंथांत भंगी व झंगी या दोन नायकांची हकीकत दिली आहे. शहाजहानच्या काळीं असफखान दक्षिणेच्या स्वारीवर आला असतां ह्या नायकांनीं फौजेस रसद पुरविली, आणि त्यांच्या पदरीं मिळून एक लाख ऐंशी हजार बैल होते, असें परंपरा सांगते. आंकडा परंपरेचा आहे हें लक्षांत ठेवूनच तो घ्यावा. परंतु फौज म्हणजे लमाण हें समीकरण अगदीं इंग्रजी अंमलापर्यंत टिकलें, यांत संशय नाहीं. सन १७९१ त टिपूवर चालून जातांना कॉर्नवॉलिसची भिस्त त्यांच्यावर होती. सन १८०३ त वेलस्ली दौलतराव शिंदे व आमच्या नागपूरकर रघूजी भोसल्यांविरुद्ध लढला, त्या मोहिमेंतील त्याचीं पत्रें ह्या 'ब्रिंजारी' लोकांच्या विषयानें भरलेलीं आहेत. असई, आडगांव आणि गाविलगड हीं नांवें आपण पाठ करतों. त्या फौजांस धान्य कोणीं पोंचविलें हें कोणी पुसत नाहीं. नागपूरच्या राज्यांत तांड्यांचा मोठा मार्ग छत्तीसगडाकडचा. तिकडील धान्य स्वस्त, इकडील बाजार व वऱ्हाडांतील मागणी मोठी. म्हणून गोणी भरून बैल रायपुराकडून नागपुराकडे येत, आणि हा भंडाऱ्याचा मुलूख वाटेंतच पडे. नागपूर ते रायपूर सुमारें पावणेदोनशें मैल धरले, तर मंडीनें सांगितलेल्या मजलेनें जवळजवळ महिना लागे. आमचा विद्यार्थी म्हणतो, हा पल्ला एका रात्रीचा.

आतां आमच्या मतें ह्या सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट बैलांच्या संख्येची नव्हे. तांड्याबरोबर बायका असत, पोरें असत, म्हातारीं माणसें असत, कुत्रीं असत. स्त्रिया नुसत्या बरोबर नव्हत्या. बैल लादण्या-उतरविण्यांत व राखण्यांत त्यांचा हात असे. मुक्काम पडला म्हणजे गोण्यांची भिंत रचावी, चूल पेटवावी, आणि तेंच घर. लमाण महिनाभर रस्त्यावर असे हें खरें. पण महिनाभर घराबाहेर असे, हें मात्र खरें नव्हे. 'घरीं कधीं येणार' हा प्रश्न त्यास कोणी विचारीत नव्हतें, कारण विचारणारीं माणसें दहा पावलांवर असत.

ह्याच्या उलट चित्र पाहावयाचें तर आपल्या विदर्भाच्याच जुन्या कथेंत सांपडतें. नलोपाख्यान आपण प्रेमकथा म्हणून शिकवितों. आम्हींहि तीस वर्षें तसेंच शिकविलें. पण नल हा बाहुक होऊन अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे राहिला तो कोणत्या नात्यानें? पगारी सारथि म्हणून. राजानें त्यास वेतन ठरवून दिलें, आणि वार्ष्णेय व जीवल हे दोन हाताखालचे दिले. हा बाहुक रोज संध्याकाळीं दूर राहिलेल्या स्त्रीविषयीं एकच श्लोक म्हणत असे. शेवटीं जीवलानें विचारलें कीं, ही कोण जिच्याकरितां आपण रोज झुरतां? रस्त्याकडेला गाडी लावून खाटेवर पडलेला ड्रायव्हर आणि त्याचा क्लीनर यांच्यांत आज जें बोलणें होतें, तें ह्याहून निराळें नसावें. दमयंतीची वाटहि पाहण्यासारखी आहे. ती एका सार्थाबरोबर चेदि देशाकडे निघाली; सार्थ तळ्याच्या वाटेवरच उतरला, आणि रात्रीं पाण्यावर येणाऱ्या रानहत्तींनीं तो तुडविला. मुक्कामाची जागा चुकली म्हणजे काय होतें, हें कथाकारास ठाऊक होतें. असो.

जवळच्या वाहतुकीकडे वळूं. आमच्या भागांत तिचें साधन म्हणजे बंडी. माणसांच्या प्रवासास हलकी रेंगी. बंडी हांकणारा मूळचा शेतकरी. धान खळ्यांतून घरीं आलें कीं पौषापासून ज्येष्ठापर्यंत बैल मोकळे; त्या अवधींत मालगुजाराचें धान बाजारास न्यावें, जंगलांतून लांकूड आणावें, लग्नाचीं वऱ्हाडें पोंचवावीं. पाऊस लागला कीं चाक चिखलांत व बैल नांगराला. दोन-चार दिवसांत परत घर. भाडें थोडें, पण तें शेतीच्या वरचें होतें. त्यावरच चूल अवलंबून नसे. कौटिल्यानें वाटांचा विचार करतांना पायवाटेपेक्षां चक्रपथ श्रेष्ठ मानला आहे, कारण त्यावरून मोठे उद्योग चालतात. गाढव-उंटांची वाट मात्र कोणत्याहि देशीं व काळीं चालते, हा तिचा गुण तो सांगतो. बैलाच्या पाठीस रस्ता लागत नाहीं, चाकास लागतो. म्हणूनच पक्के रस्ते होईपर्यंत लमाणाचा बैल दूरचा राजा होता आणि बंडी गांवची राणी.

सन १८५४ त नागपूरचें राज्य खालसा झालें आणि पुढें नागपूरहून भंडारा-साकोलीवरून रायपुराकडे जाणारा मोठा रस्ता बांधला गेला. पण खरा घाव आगगाडीचा. मुंबईकडील रूळ नागपुरास सन १८६७ त पोंचले. नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग सन १८८० त तुमसर रोडपर्यंत आला. सन १८८७ त स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर कंपनीनें तो घेऊन रुंद केला, आणि सन १८९१ त हा मार्ग थेट आसनसोलपर्यंत जोडला गेला. ज्या वाटेवर तांडा महिना काढी, त्या वाटेचें धान्य आतां डब्यांतून जाऊं लागलें. एका पिढीच्या आंत लमाणांचा धंदा बसला. कांहीं शेतकरी झाले, कांहीं गुरें राखूं लागले, कांहीं मजुरीस लागले. आणि सन १८७१ च्या कायद्याचा आधार घेऊन कांहीं प्रांतांत त्यांच्या टोळ्यांवर गुन्हेगारीचा शिक्काहि मारण्यांत आला, तो स्वातंत्र्यानंतर सन १९५२ त पुसला गेला. साम्राज्याच्या फौजा ज्यांनीं पोसल्या त्यांस पोलिसाच्या वहींत नांव लावावें लागलें, ह्याचा विषाद वाटल्याशिवाय राहत नाहीं. तांड्यांतील 'नायक' हें पद पुढें आडनांव होऊन उरलें; सन १९६३ ते १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक हे ह्याच समाजांतले.

आतां येथें एक चमत्कारिक गोष्ट दिसते. आगगाडीनें तांडा मारला, पण बंडी मारली नाहीं. उलट तिला काम दिलें. रूळ गांवोगांव जात नाहींत. भंडाऱ्याचें स्टेशन शहरांत नसून वरठीस, आणि तुमसरचें देव्हाडीस. खळ्यापासून ह्या स्टेशनांपर्यंत धान कोण नेणार? बंडीच. दूरचें साधन बदललें म्हणजे दूरचा वाहतूकदार उपाशी मरतो. जवळचा मात्र नव्या साधनाचें शेपूट धरून तरतो. हा नियम आम्हीं विद्यार्थ्यास सांगितला, तेव्हां त्यानें लागलीच विचारलें, "मग आतां बंड्या कुठें आहेत, गुरुजी?" प्रश्न रास्त होता. बंडी आगगाडीनें मेली नाहीं, ती ट्रॅक्टरनें मेली. तेव्हां जवळचा धंदा अमर आहे असें कोणी समजूं नये.

मोटारीचें पर्व आम्ही थोडक्यांत उरकतों, कारण तें वाचकांच्या डोळ्यांदेखतचें आहे. सन १९१४ त देशाचा पहिला मोटार कायदा, सन १९३९ त दुसरा, आणि सध्यांचा सन १९८८ चा. आगगाडीनें लमाणाकडून घेतलेली दूरची वाहतूक ट्रकनें आगगाडीकडून पुष्कळशी परत घेतली. सन २०१० पासून एकत्रित शुल्क भरून देशभर जाण्याचा राष्ट्रीय परवाना सोपा झाला. सन २०१७ त वस्तु व सेवा कर आल्यावर राज्याराज्यांच्या सीमेवरील करनाके उठले. सन २०२१ पासून पथकर फास्टॅगनें आपोआप कापला जातो. कौटिल्याचा अंतपालहि मालाच्या गाडीमागें सव्वा पण वर्तनी घेत असे. पण वाटेंत माल हरवला वा चोरीस गेला तर तो भरून देण्याची जबाबदारीहि त्याच्यावर होती. आमच्या विद्यार्थ्यास हें सांगितलें, तेव्हां तो बराच वेळ विचार करीत बसला.

कायद्यानें मनुष्याच्या आरंभाची वाट कशी आंखली आहे तेंहि पाहण्यासारखें आहे. मालाचें वाहन चालविण्यास वय वीस पूर्ण लागतें, आणि जड वाहन शिकण्यापूर्वीं हलक्या वाहनाचा परवाना निदान वर्षभर हातीं असावा लागतो. आठवी उत्तीर्ण असण्याची अट सन २०१९ त काढून टाकण्यांत आली. मास्तर म्हणून आम्हांस ती हुरहूर लावून गेली, पण ज्यांचें शिक्षण क्लीनरच्या बांकावरच झालें त्यांस दार उघडलें हेंहि खरें. सन २०२४ च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें असा निर्णय दिला कीं, साडेसात हजार किलोपर्यंतचें मालवाहन हांकण्यास हलक्या वाहनाचा परवाना पुरे. म्हणजे लहान गाडी व जवळची खेप ही पहिली पायरी, आणि लाईन ही पुढची, असा क्रम कायद्यांतूनच निघतो. सन २०२५ पर्यंत लागू असलेला मोटार कामगारांचा सन १९६१ चा कायदा दिवसास आठ तास व आठवड्यास अठ्ठेचाळीस तास ठरवीत असे. दूरच्या मार्गांकरितां मात्र मंजुरीनें दहा व चौपन्नपर्यंत सूट देत असे. दूरच्या वाटेची मेहनत निराळी, हें सरकारासहि मान्य आहे. परंतु कारखान्याच्या फाटकाबाहेर परतीच्या मालाची वाट पाहत काढलेले दोन दिवस कोणत्या तासांत धरावयाचे, हें ज्यानें काढले त्यासच विचारावें.

करडीच्या तरुणापुढें आज प्रत्यक्ष काय आहे? जवळचें काम म्हणजे धान मिलवर, तांदूळ तुमसर-भंडाऱ्यास. हंगामांत देव्हाड्याच्या कारखान्याचा ऊंस. टिप्परवर रेती, गिट्टी, विटा. आणि तुमसरपलीकडे चिखला व डोंगरी बुजुर्गच्या खाणींचें मँगनीज. पैसे बहुधा खेपेवर. रात्रीं घरीं जेवण मिळतें. उणीव ही कीं, काम ऋतूचें. पावसाळ्यांत रेतीचा उपसा बंद असतो. बंडीवाल्यास त्या दिवसांत नांगर होता, टिप्परवाल्यास तोहि नाहीं. रेतीच्या धंद्यांत आणखी एक खोड आहे : परवान्याबाहेरची खेप मालक सांगतो आणि पकडला जातो हांकणारा. लाईनचें काम म्हणजे भंडारा-साकोलीवरून जाणाऱ्या, पूर्वीं ६ व हल्लीं ५३ क्रमांकाच्या महामार्गावर चढावयाचें, आणि पूर्वेस रायपूर-संबलपूर किंवा पश्चिमेस अमरावती-धुळें-सुरत. पगार, शिवाय रोजचा भत्ता. मुलूख पाहावयास मिळतो, हात तयार होतो, चार भाषा कानावर पडतात. आमच्या विद्यार्थ्यास लाईनचें आकर्षण पैशापेक्षां ह्याचेंच अधिक आहे, हें त्याच्या बोलण्यांत दिसलें. आणि तरुणास तें असावेंच. नुसतें घर धरून बसण्याचा उपदेश आम्ही कोणासहि करणार नाहीं.

तरी दोन गोष्टी आम्हीं त्यास सांगितल्या. एक ही कीं, लमाण दूर गेला तो घरासह गेला. ट्रकनें वाट तीच घेतली, पण घर वाटेवरून उतरवून गांवीं ठेविलें. आजची लाईन ही अर्धी लमाणी आहे : बैल आहे, तांडा नाहीं. मागें राहिलेल्या अर्ध्याचा भार कोणी तरी उचलतेंच; तो भाड्यांत धरला जात नाहीं व बिल्टीवर लिहिला जात नाहीं. दुसरी ही कीं, रस्त्यावर एकटा असलेला मनुष्य संकटांतहि एकटा असतो. सन २०२४ च्या जानेवारींत अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद करणाऱ्या नव्या कलमाविरुद्ध देशभर चालकांनीं गाड्या उभ्या केल्या, आणि तें कलम अंमलांत आणणें सरकारानें लांबणीवर टाकलें. पळून जाणें हें अक्षम्य, असें आम्हांस वाटत होतें व आजहि वाटतें. परंतु परमुलुखांत जमावाच्या हातीं सांपडण्याची भीति त्यानें आम्हांस समजावून सांगितली, तेव्हां आम्हीं वाद घातला नाहीं. तांड्यावर आलेलें संकट नायक निभावीत असे. ट्रकास नायक नाहीं.

त्याच्या पत्नीस सातवा महिना होता. त्यानें मिलची गाडी घेतली, आणि लाईनच्या मालकास पुढील दिवाळीनंतर कळवितों म्हणून निरोप धाडला. मालकानें जागा राखून ठेवण्याचें कबूल केलेलें नाहीं.

जातांना आम्हीं त्यास एक कोरी वही दिली. दोनशें वर्षांपूर्वींच्या एखाद्या लमाणानें रोजची नोंद ठेविली असती तर आज तिचें किती मोल झालें असतें, हें सांगून आम्हीं त्यास रोज चार रकाने भरावयास लाविलें : तिथि, माल, कोठून कोठें, आणि उभें राहण्यांत गेलेला वेळ. पहिल्या महिन्याचीं पानें आमचेकडे आलीं आहेत. शुद्धलेखन पूर्वीचेंच आहे. पहिली ओळ अशी कीं, धान, करडी ते तुमसर, उभें राहणें साडेचार तास.